परिसंस्थेची आकृती आणि झाडीपट्टीतला माणूस

मराठीच्या अध्यापकांनी परिस्थितिकी शिकवावी, हा योग आमच्यासारख्या अनेकांच्या वाट्याला आला तो न्यायालयाच्या एका निर्देशामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचे शिक्षण अनिवार्य करण्यास सांगितले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. ग्रामीण महाविद्यालयांत या विषयाला स्वतंत्र अध्यापक सहसा मिळत नाही. ज्याच्या वेळापत्रकात जागा असेल त्याच्याकडे तो जातो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे ही जागा बहुधा भाषेच्या अध्यापकांपाशी निघते. विज्ञानाचे आम्हांस शास्त्रशुद्ध शिक्षण नाही. शब्दांचे थोडेफार आहे. त्यामुळे या विषयाकडे आम्ही शब्दांच्या वाटेनेच जात आलो.

पहिला शब्द अर्थातच 'इकॉलॉजी'. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने तो १८६६ मध्ये घडवला, ग्रीक 'ऑइकोस' म्हणजे घर या शब्दापासून. मराठीत त्याची 'परिस्थितिकी' झाली. शब्द निर्दोष आहे, परंतु त्यातून घर निघून गेले आणि परिस्थिती उरली. घर म्हटले की घरात राहणारा कोण, हा प्रश्न आपोआप येतो. परिस्थिती मात्र बाहेरची असते. माणूस तिच्यासमोर उभा असतो, तिच्या आत नसतो. आमच्या मते पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांमध्येही हेच घडले आहे.

अन्नसाखळीची आकृती पाहावी. खाली गवत, त्यावर चितळ, त्यावर वाघ. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये संख्येचा मनोरा मांडला. रेमंड लिंडमनच्या १९४२ च्या निबंधाने त्यामागील ऊर्जेचा हिशेब पुढे आणला. एका पायरीवरील ऊर्जेपैकी साधारण एक दशांशच वरच्या पायरीवर पोहोचते, बाकीची जगण्यात आणि उष्णतेत खर्ची पडते. गवतात दहा हजार एकके धरली तर चितळात हजार आणि वाघात शंभर. म्हणूनच वाघ नेहमी थोडे असतात आणि प्रत्येकाला मोठा प्रदेश लागतो. हा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांना चटकन कळतो, कारण त्याचे उत्तर त्यांच्या गावाच्या शिवेवर फिरत असते. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. गाभाक्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. आईपासून वेगळ्या झालेल्या तरुण वाघाला तेथे जागा मिळाली नाही, तर तो बाहेर पडतो आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या जंगलांत येतो. तेथे जंगल आणि धानाच्या बांध्या एकमेकांत बोटे गुंफावीत तशा गुंतलेल्या आहेत.

दोन परिसंस्था जेथे भेटतात त्या पट्ट्याला पुस्तकात 'इकोटोन' म्हणतात आणि अशा पट्ट्यात जीवांची विविधता अधिक असते, असे पुढे लिहिलेले असते. ते खरेच आहे. धान भरू लागला की रानडुकरे बांधीत उतरतात. डुकरांमागे वाघ येतो. आणि डुकरे हाकलण्यासाठी शेतकरी रात्री मचाणावर बसलेला असतो. अन्नजाळ्याचे याहून नेमके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पुस्तकातील आकृतीत मात्र मचाण नसते.

तलावाचेही तसेच. 'तलावाची परिसंस्था' हा ठरलेला प्रश्न : शैवाल, प्लवक, मासे, बगळा, शेवटी विघटक. आमच्याकडे तलाव म्हणजे मामा तलाव, अर्थात माजी मालगुजारी तलाव, आणि त्याचे धाकटे भावंड बोडी. ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. भातासाठी पाणी अडवावे म्हणून माणसांनी पाळ घालून ती बांधली. कोहळी समाजाचे या कामातील कौशल्य प्रसिद्ध आहे. पाळीची डागडुजी, उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकणे, ढिवरांची मासेमारी हे सारे त्या परिसंस्थेचे व्यवहार होत. गाळ शेतात जातो तेव्हा पोषकद्रव्यांचे चक्र पूर्ण होते. तो काढणे थांबले की तलाव उथळ होत जातो आणि काठावर बेशरम माजते. 'आक्रमक विदेशी प्रजाती' ही संज्ञा शिकवताना आम्हांला फारसे काही सांगावे लागत नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झुडपाला लोकांनी दिलेल्या नावातच व्याख्या आहे : तोडले तरी पुन्हा उगवते.

येथवर सारे सुखाचे आहे. बोलीतले शब्द संज्ञांशेजारी ठेवले की वर्ग रंगतो. खरी कसोटी तेंदूच्या हंगामापाशी लागते.

२०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा बातम्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी बातम्या नसतात. पहाटे पाने तोडून दिवसा पुडके बांधणारी मंडळी त्यांच्याच घरांतली असतात. कित्येक जण सुटीत स्वतः जातात. अधिवास म्हणजे जीवाचा पत्ता आणि निश म्हणजे त्याचा व्यवसाय, असे पाठ्यपुस्तके सांगतात. मे महिन्यात पहाटेच्या वेळी वाघाचा आणि तेंदू तोडणारीचा पत्ता एकच होतो. ती तेथे हौसेने गेलेली नसते. पावसाआधी बियाणे, खते यांसाठी रोख पैसा लागतो आणि तो देणारे काम त्या दिवसांत दुसरे फारसे नसते. 'मानव-वन्यजीव संघर्ष' या संज्ञेत यातले काहीच उरत नाही. संघर्ष म्हटले की दोन पक्ष आणि त्यांचे वैर डोळ्यांपुढे येते. वाकून पाने खुडणाऱ्या बाईचे वाघाशी वैर नसते, वाघाचेही तिच्याशी नसते.

याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण आम्ही त्याला जोडून सांगतो. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने तेंदूपाने तोडायची नाहीत, असे ठरवले. कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून झाडे छाटली जातात, रानाला आगी लावल्या जातात. त्यात तेंदूची फळे जातात, आणि ती फळे पाखरांची, अस्वलांची तशीच माणसांचीही. उत्पन्नासाठी गावाने बांबूचा आधार घेतला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची वाटचाल मिलिंद बोकील यांच्या पुस्तकामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. पाचगावाची ही गोष्टही तितकीच वाचली जावी, अशी आहे. आकृतीत आपण कोठे आहोत हे त्या ग्रामसभेने पाहिले आणि एक बाण पुसून दुसरा काढला. मात्र बांबूवर हक्क नसेल, तर तेंदू सोडण्याचा निर्णय दुसऱ्या गावाला घेता येईलच असे नाही. म्हणून ज्या गावात तेंदू हाच आधार आहे तेथील विद्यार्थ्यांपुढे हे उदाहरण उपदेश म्हणून ठेवणे आम्ही टाळतो.

भाषेच्या अध्यापकाचे या विषयात काय काम, असे कधी विचारले जाते. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात राहून रानातले शब्द टिपले आणि मराठीला दिले. तो वारसा आमच्यापुढे आहे. 'बोडी', 'बांधी', 'पुडके' या शब्दांत माणूस आणि रान वेगळे करता येत नाहीत. परीक्षेत गुण व्याख्येला मिळतात, तेव्हा व्याख्या पाठ करून घेतोच. पण वहीत आम्ही आणखी एक आकृती काढायला लावतो : आपल्या गावाचे अन्नजाळे, आपले घर धरून. गेल्या खेपेस एकीने घरातून दोन बाण काढले होते. एक जंगलाकडे जाणारा, त्यावर 'आई' असे लिहिलेले. दुसरा जंगलातून घराकडे येणारा, त्यावर लिहिले होते 'बियाण्याचे पैसे'. वाघ तिने त्या दोन बाणांच्या मधोमध काढला होता.