कमिटीतली दिवाळी

न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड ड्राइव्हवरच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये मला जागा मिळाली, तेव्हा साताऱ्याच्या आत्याने एकच विचारलं, "तिथे आपलं कोण आहे गं?" कोणीच नव्हतं. सुमारे शंभर देशांतली सातशेच्या आसपास मुलं-मुली. माझी खोली पलंग-टेबलापुरती आणि न्हाणीघर सामायिक. खोलीत फार वेळ बसवतच नाही, त्यामुळे माणूस आपोआप खाली मेसमध्ये येतो.

या घराची जन्मकथा नव्या माणसाला हमखास ऐकवतात. 1909 मध्ये वायएमसीएचं काम करणाऱ्या हॅरी एडमंड्स यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज 'गुड मॉर्निंग' म्हटलं. तो म्हणाला, तीन आठवड्यांत माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स पती-पत्नी मग परदेशी मुलांना रविवारी घरी जेवायला बोलवू लागले. पुढे धाकट्या जॉन रॉकफेलर यांनी पैसा दिला आणि 1924 मध्ये ही इमारत उघडली. 'संडे सपर'ची प्रथा त्या घरगुती पंगतीतूनच आली.

कार्यक्रमांना तिथे तोटा नाही. व्याख्यानं, नाच, देशोदेशींचे मेळे. मेळ्यांचा मात्र मला लवकरच कंटाळा आला. नऊवारी नेसून टेबलामागे उभं राहायचं. लोक येतात, फोटो काढतात, समोसा उचलतात आणि पुढच्या देशाकडे वळतात. (समोसा आमचा कधी झाला, हे विचारायची सोय नव्हती.)

दिवाळीच्या कमिटीत शिरले तेव्हा खरी गंमत कळली. दिल्लीच्या मुलीने निवेदन लिहून आणलं होतं: राम अयोध्येला परतले, लोकांनी दिवे लावले, म्हणून दिवाळी. मी म्हटलं, आणि नरकासुर कुठे गेला? आमच्याकडे पहाटे उठून तेल-उटणं लावून अंघोळ, मग डाव्या पायाखाली कारीट फोडायचं. मदुराईचा मुलगा ताडकन म्हणाला, "आमच्याकडेही पहाटच! तेल लावून अंघोळ!" मराठी आणि तमिळ एका बाजूला, दिल्ली दुसऱ्या. तेवढ्यात काठमांडूच्या मुलीने सांगितलं की त्यांच्या तिहारात, म्हणजे त्यांच्या दिवाळीत, एक दिवस कावळ्याचा, एक कुत्र्याचा. कुत्र्याच्या गळ्यात हार घालतात. आवाजाची व्यवस्था पाहणारा लाहोरचा मुलगा हसत म्हणाला, "आधी तुमचं ठरू द्या, मग माइक लावतो." भांडण तीन बैठका चाललं. शेवटी सगळ्याच कथा सांगायचं ठरलं आणि कार्यक्रम भलताच लांबला. प्रेक्षकांच्या किती लक्षात राहिलं, देव जाणे. पण रात्री उशिरापर्यंत आम्ही पाचजण पातेली घासत होतो, आणि आजही आमचं एकमेकांकडे जाणं-येणं आहे.

अशा वसतिगृहांतल्या कार्यक्रमांचा लाभ बघणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांना होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. एकत्र राहून जमलेल्या मैत्रीचं जुनं उदाहरण जवळच आहे. कोलंबियाचं आवार तिथून चालत पंधरा मिनिटांवर. 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकले. तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी मित्र त्यांच्यासोबत राहायचा. 1920 मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा त्यानेच त्यांना पैसे उसने दिले. ही मैत्री मंचावर नव्हे, एका छपराखाली राहून जमलेली.

तुमच्या घरातलं कोणी बाहेर शिकायला निघालं असेल, तर आत्यासारखं "आपलं कोण आहे" विचारू नका. पहिल्याच महिन्यात एखाद्या कमिटीत नाव घालायला सांगा. शक्यतो भांडी घासावी लागतील अशा.