पहिली टिकली कुणाची?

बालमित्रांनो, तुमच्या वर्गात मागच्या भिंतीला फळा आहे का? आमच्या चौथीच्या वर्गात आहे. गेल्या पावसाळ्यात त्या फळ्यावर मी एक खेळ सुरू केला आणि त्या खेळात सगळ्यांत मोठी चूक कुणी केली असेल, तर ती मीच! आज तीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे.

खेळ सोपा होता. कुणाला काही नवं कळलं, की त्याची चिठ्ठी किंवा वर्तमानपत्रातलं कात्रण फळ्यावर लावायचं. ज्याला ते आवडेल, त्यानं त्याच्या कडेला टिकली चिकटवायची. हो हो, कपाळाला लावतो तीच टिकली! ज्या चिठ्ठीला जास्त टिकल्या, ती सगळ्यांत वर.

ही युक्ती माझी नव्हे बरं का. इंटरनेटवर अमेरिकेतल्या लोकांनी असे मोठमोठे फळे केव्हाच उभे केले आहेत. 2004 मध्ये ‘डिग’ आलं, 2005 मध्ये ‘रेडिट’ आणि 2007 मध्ये ‘हॅकर न्यूज’. तिथं एखाद्यानं वाचलेल्या चांगल्या लेखाची लिंक लावायची आणि बाकीच्यांनी मतं द्यायची. मतं मिळाली की लिंक वर चढते. मात्र कितीही मतं पडली, तरी वेळ जाईल तशी ती खाली सरकते, नाहीतर रोज शिळंच वाढलं जाईल! आणि गंमत म्हणजे, रेडिटवर माणसाच्या खात्यात जे गुण साठतात, त्यांना म्हणतात ‘कर्म’. आहे की नाही आपलाच शब्द?

आता माझी चूक ऐका. आमची शाळा डहाणूकडची. आजूबाजूला चिकूच्या वाड्या, त्यामुळे वटवाघळं भरपूर. एका मुलानं सुरेख अक्षरात चिठ्ठी लावली, ‘वटवाघूळ आंधळं असतं.’ खाली झकास चित्रही काढलं होतं. मी अक्षरावर खूश झाले आणि मजकुराकडे नीट न बघताच एक लालभडक टिकली लावून टाकली. झालं! मधल्या सुट्टीपर्यंत त्या चिठ्ठीला सतरा टिकल्या.

त्याच फळ्याच्या कोपऱ्यात एक छोटी चिठ्ठी होती. वर्गात फारशी न बोलणाऱ्या एका मुलीची. ‘वटवाघळाला दिसतं. आमच्या वाडीत ते पिकलेला चिकू बघून येतं.’ टिकल्या किती? एकही नाही. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी दिसेना. तिनं स्वतःच काढून घेतली होती.

आणि खरं कोण होतं? तीच! फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांची नजर चांगली असते. वास घेऊन आणि डोळ्यांनी बघून ती फळ शोधतात. किडे खाणारी छोटी वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात, पण आंधळी तीही नसतात.

मग आमची मुलं मूर्ख होती का? मुळीच नाही. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर लोकांनी लिहिलेल्या एक लाखाहून जास्त प्रतिक्रिया संशोधकांनी घेतल्या. त्यांतल्या काहींना, कसलीही निवड न करता, त्यांनी आपलं एकेक ‘आवडलं’ देऊन टाकलं. फक्त एकच! पण त्या प्रतिक्रियांचे शेवटचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी जास्त भरले. काहींना ‘नावडलं’ही दिलं होतं, पण ते पुढच्या वाचकांनी भरून काढलं. म्हणजे उगाच केलेली निंदा लोक सुधारतात, पण उगाच केलेल्या कौतुकामागे धावतात. मोठी माणसंसुद्धा! मग बाईंची टिकली बघून चौथीतली मुलं धावली, यात नवल काय?

‘मग टिकल्याच नकोत!’ असं तुम्ही म्हणाल. तशाही जागा आहेत. 1996 साली सुरू झालेली ‘मायबोली’ बघा. जगभरची मराठी माणसं तिथं पाककृतींपासून कवितांपर्यंत गप्पा मारत आली आहेत. अशा जागा म्हणजे गावचा पारच. तिथं एकामागून एक सगळे बोलतात, ओळखी होतात, उत्तराला उत्तर मिळतं. पण पारावरही जो मोठ्यानं आणि सारखा बोलतो, त्याचंच ऐकू येतं, नाही का? आमची ती अबोल मुलगी पारावर तरी बोलली असती का, कोण जाणे.

मला पटली ती 1997 मध्ये सुरू झालेल्या ‘स्लॅशडॉट’ची रीत. तिथं गुण द्यायचा हक्क पाळीपाळीनं काही वाचकांना मिळतो, तोही मोजकाच. शिवाय गुण देताना कारण निवडावं लागतं. माहितीपूर्ण म्हणून दिला, की गमतीदार म्हणून?

आम्हीही तसंच केलं. आता आठवडाभर चिठ्ठ्या नुसत्या वाचायच्या. शनिवारी पाच जणांची पाळी, प्रत्येकाला तीन टिकल्या आणि प्रत्येक टिकलीखाली ‘का?’ याचं उत्तर लिहायचं. बाईंना टिकली नाही!

पण त्याआधी मला एक काम करायचं होतं. सगळ्या वर्गासमोर मी त्या मुलीला म्हटलं, “बाळ, मी न वाचताच टिकली लावली. चुकलं माझं.” ती काहीच बोलली नाही. शनिवारी मात्र कंपासपेटीतून चुरगळलेली तीच चिठ्ठी काढून तिनं फळ्यावर लावली. तिला एकच टिकली मिळाली. खाली सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘संध्याकाळी हिच्या वाडीत जाऊन बघितलं. दिसतं त्याला.’

आई-बाबांनो, रेडिटवर खातं उघडायला निदान 13 वर्षं पूर्ण लागतात. पण आवडीचे आकडे मुलांना तुमच्या फोनवर आजही दिसतातच. तेव्हा एकदा शेजारी बसून विचारा, “हे तुला आवडलं, की आधीच खूप जणांना आवडलंय म्हणून आवडलं?”

आणि मुलांनो, तुमच्या फळ्यावर कोपऱ्यातली, एकही टिकली नसलेली चिठ्ठी कुणाची आहे? उद्या जाऊन आधी ती वाचाल ना?

तुमच्या,
बाई