तीन घरांची उंची

शब्दकोडं रचताना सर्वांत जास्त हेळसांड होते ती उंचीच्या शब्दांची. ‘उंच जागा’ एवढंच सूचक द्यायचं, तीन घरं ठेवायची आणि पुढच्या शब्दाकडे वळायचं. मराठीत काना-मात्रा आणि जोडाक्षरासकट अख्खं अक्षर एका घरात बसतं, त्यामुळे शिखर, पठार, डोंगर, टेकडी, सुळका, पर्वत हे सगळेच तीन घरांचे. यातला कुठलाही शब्द त्या सूचकाला चालतो. पण पठाराला माथ्यावर सपाटी लागते आणि सुळक्याला ती नसतेच. असं सूचक सोडवणाऱ्याला विचार करायला लावत नाही, नुसता अंदाज बांधायला लावतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरं जुळली की गोंधळ मिटतो. तो नेहमी मिटत नाही. शेवटच्या घरात ‘र’ आला तरी शिखर, पठार, डोंगर तिघेही उभेच राहतात. दोन घरांत शेवटी ‘डा’ आला, तर सह्याद्रीचा तुटलेला कडा आणि कोकणातला जांभ्याचा सपाट सडा यांत निवड कशी करायची? शब्दकोशही यांतले काही शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून देतो, हा दुसरा आक्षेप. पण कोशात आपण शब्दाकडून अर्थाकडे जातो, कोड्यात अर्थाकडून शब्दाकडे. तिथे सैल अर्थ खपून जातो. इथे तो वाट चुकवतो.

नेमकेपणानं कोडं अवघड होईल आणि रोजचा वाचक दुरावेल, ही भीती मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. तरीही ‘कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच’ यावरून शिखर सुचायला त्याची उंची १,६४६ मीटर असल्याचं माहीत असावं लागत नाही. ‘देवळाच्या शिखरावर बसवतात’ म्हटलं की कळस येतो. ‘राजगडावरची सुवेळा, संजीवनी किंवा पद्मावती’ म्हटलं की किल्ले फिरणारा क्षणात माची लिहितो, आणि न फिरणाऱ्याला एक नवा शब्द मिळतो. सोपेपणा ओळखीच्या तपशिलातून येतो, मोघमपणातून नव्हे. म्हणून सूचक लिहिण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो: वर टोक आहे की सपाटी, बाजू तुटलेली आहे की उतरती, आणि उंची निसर्गाची आहे की बांधलेली? यांपैकी एकाचं तरी उत्तर सूचकात उतरलं नाही, तर ते पुन्हा लिहिलंच पाहिजे.