बोटीआधीचा मुक्काम

जहाजाची तिकिटं तासाभरात निघाली. आदल्या रात्रीची खोली ठरवायला मात्र आठवडे गेले. सांगली आणि सातारा यांच्यात त्या खोलीवरून जितके फोन झाले, तितके जहाजावरच्या जेवणाखाण्यावरूनही झाले नाहीत.

आम्ही पाच जण होतो. सांगलीतून आई, मी आणि माझे मिस्टर. साताऱ्यातून अक्का आणि दाजी. आई अठ्ठ्याहत्तरची. समुद्र तिने रत्नागिरीला, गणपतीपुळ्याला काठावरून पाहिला होता. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकण-गोव्याच्या आगबोटी सुटायच्या, त्यांच्या गोष्टी तिने शेजारच्या रत्नागिरीकर काकूंकडून लहानपणापासून ऐकलेल्या. त्या बोटी बंद पडल्या. मग २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा सुरू झाली, २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’चं ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागलं, आणि दर वेळी पेपरात फोटो आला की आई तो घडी घालून ठेवायची. एकदा तिने ती कात्रणं माझ्यापुढे ठेवली, आणि मग टाळणं शक्य नव्हतं.

खरं तर महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्याकडच्या माणसासाठीच आखल्यासारखी आहे. सांगलीत रात्री दहाच्या सुमाराला बसा, साताऱ्याची माणसं मध्यरात्री चढतात, सकाळी साडेसातच्या आसपास सीएसएमटी. जहाज संध्याकाळचं. मग मुक्कामाचा खर्च कशाला, असं मिस्टरांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. पण पुणे-मिरज दुहेरीकरणाच्या कामासाठी किती वेळा ब्लॉक घेतले गेले, हे या मार्गावरच्या प्रत्येकाला पाठ आहे. जहाज सुटण्याच्या काही तास आधीच सामान आणि ओळखपत्रं तपासण्याचा काउंटर बंद होतो. शिवाय गाडी वेळेवर आली तरी रात्रभर बर्थवर अंग आखडलेली आई सकाळी साडेसातपासून दुपारपर्यंत बसणार कुठे? वेटिंग रूमच्या लोखंडी खुर्चीत? मी ठाम राहिले. आदल्या दिवशी सकाळची कोयना एक्स्प्रेस धरायची, रात्री आठच्या सुमाराला मुंबईत उतरायचं, आईने पाठ टेकून झोपायचं आणि मग जहाज.

एसटीचा हिशेबही केला. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत, आम्हा दोघी बहिणींना अर्धं तिकीट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पैशाने एसटी सरळ जिंकत होती. पण इतक्या लांबच्या प्रवासात आईला हवं तेव्हा बाथरूमला जाता यायला हवं, म्हणून रेल्वे.

पुढचा प्रश्न राहायचं कुठे. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या माणसांनी मुंबईत हॉटेलात राहायची सवय फारशी लावून घेतली नाही, कारण वेळच आली नाही. नातेवाईक होते. आमदार निवास होतं. मतदारसंघातला माणूस कामासाठी गेला की आमदारांच्या खोलीत सतरंजीवर जागा मिळायची. आणि पाटण, जावळी, कोरेगावकडच्या लोकांना गावकीची खोली होती. दाजींचे वडील माथाडी. पाटण तालुक्यातून गेलेले, मशीद बंदरला दाणाबंदरात पोती वाहिलेली. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांची संघटना बांधली आणि ज्यांच्यासाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, त्यातले ते एक. डोंगरीला त्यांच्या गावची खोली होती. पाळी संपवून आलेला माणूस आडवा व्हायचा तेव्हा त्या जागेवरचा दुसरा पाळीवर निघालेला असायचा. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, जेवण खानावळीत. दाजींना त्या खोलीचा फार अभिमान. “आपली जागा असताना पैसं कशाला घालवायचं?” हे त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं. अक्काच म्हणाली, “अवो, तिथं बायामाणसं कधी राहिल्यात का? आई कुठं झोपंल?” खोली पुरुषांची, संडास मजल्यावर सामाईक, आणि आईला कमोडशिवाय बसता येत नाही. तिथे तो विषय संपला.

कुणीतरी दादरची संत गाडगे महाराजांची धर्मशाळा सुचवली. तिला मी त्याच क्षणी नाही म्हटलं. ती जागा टाटा हॉस्पिटलला येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची आणि त्यांच्या माणसांची आहे. आमच्याच गल्लीतल्या एका घराने तिथे महिने काढलेत. सहलीला निघालेल्या धडधाकट माणसाने तिथली एक खाटही अडवू नये.

मग फोन सुरू केले. मोबाइलवर दिसणारे फोटो मला दोन मिनिटांत निरुपयोगी वाटू लागले. सगळीकडे तीच पांढरी चादर आणि तेच घडी घातलेले टॉवेल. फोन उचलणाऱ्या माणसाला नेमकं विचारलं की खरं कळतं. लिफ्ट आहे का, हे विचारून भागत नाही. ती कुठून सुरू होते हे विचारावं लागतं. फोर्टातल्या जुन्या इमारतींत कधी कधी पहिला जिना चढून गेल्यावर लिफ्ट लागते, आणि तो जिनाच सगळ्यांत उभा असतो. गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं? चेक-आउट चोवीस तासांचं की सकाळी दहाचं? खोली सोडल्यावर दुपारपर्यंत सामान खाली ठेवू द्याल का? सांगितलेला भाव कर धरून की वगळून? साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी एक जण फोनवर मला जुनाच आकडा सांगत होता. मी नवा सांगितल्यावर त्याने निमूट बेरीज बदलली.

दादर की फोर्ट, यावर खूप वेळ गेला. दाजींचं मन दादरला. मराठी वस्ती, ओळखीचं खाणं, आणि खोल्याही थोड्या स्वस्त. पण सांगली-साताऱ्याच्या माणसाला एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही: माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत. टॅक्सीच करायची, आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीत चार जण बसतात. आम्ही पाच, म्हणजे दोन टॅक्स्या. दादरहून, जहाज जिथून सुटतं त्या बॅलार्ड पिअरपर्यंत दोन टॅक्स्यांचे चारशेच्या वर होत होते, म्हणजे खोलीत वाचवलेले पैसे रस्त्यात संपत होते. सकाळच्या गर्दीत आईला आणि बॅगांना घेऊन लोकलने जाणं मी विचारातही घेतलं नाही. कुलाब्याला ताजच्या मागच्या गल्ल्यांत खोल्या पुष्कळ, पण तिथे खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचेही पैसे लागतात. दुसऱ्या दिवशी ज्यांना पोटभर समुद्र मिळणार आहे त्यांनी आदल्या रात्री त्याचे पैसे का मोजायचे? सीएसएमटी ते बॅलार्ड पिअर हे अंतर जेमतेम दीड किलोमीटर. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, त्याच्या आसपासच हा प्रवास होतो. खोली स्टेशनपासून चालत जाता येईल अशी घ्यायची, हे तिथेच ठरलं.

स्टेशनातच रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत. तिकिटाच्या पीएनआरवर त्या मिळतात, बारा तासांसाठीही घेता येतात, आणि माझ्या मते त्या सगळ्यांत शहाणपणाची सोय आहे. आम्हाला हव्या त्या रात्री त्या भरलेल्या होत्या. सीएसएमटीला २०२२ पासून स्लीपिंग पॉडही आहेत. एकटा तरुण मुलगा असता तर मी त्याला तेच सांगितलं असतं. वाकून आत शिरायचं आणि झोपायचं, हे आईच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं.

तारखेचाही विचार करावा लागला. आधी डिसेंबरचा पहिला आठवडा पाहत होतो. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्या दिवसांत आमच्या मार्गावरच्या गाड्यांवर आणि मुंबईतल्या प्रत्येक कोपऱ्यावर त्यांचा हक्क पहिला. नाताळात भाव दुप्पट. शेवटी जानेवारीचा मध्य धरला.

स्टेशनजवळच्या एका लॉजला आगाऊ पैसे भरले होते. जायच्या काही दिवस आधी त्यांचा फोन आला, खोल्या दुसऱ्या मोठ्या ग्रुपला दिल्यात, तुमचे पैसे परत करतो. पैसे आले, पण मला झोप येईना. मी पुन्हा वही उघडली. फोनवर ज्यांनी नीट, न कंटाळता उत्तरं दिली होती त्यांच्या नावापुढे खूण करून ठेवली होती. त्यातल्या दुसऱ्या ठिकाणी फोन केला. फोर्टातल्या गल्लीतलं जुनं लॉज, कुटुंबातलीच माणसं चालवणारी. एक तीन खाटांची आणि एक दोन खाटांची खोली, कर धरून दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत. लिफ्ट तळमजल्यापासून. त्या बाईंनी स्वतःहून विचारलं, “आजीबाई आहेत ना बरोबर? मग बाथरूमला पकडायला दांडी असलेली खोली ठेवते.” मुंबईच्या लॉजकडून मी याहून जास्त काही मागितलं नसतं.

कोयना त्या दिवशी तासभर उशिरा आली. आमचं काहीच बिघडलं नाही, आणि हा मुक्काम घेतला त्याचं समाधान मला त्याच क्षणी मिळालं. दिव्यांनी उजळलेलं स्टेशन आईने रस्त्यापलीकडून बराच वेळ पाहिलं. खोली लहान होती, भिंतीला पोपडे होते, चादरी स्वच्छ होत्या. सगळ्यांची आधार कार्डं दाखवून, नोंद करून, घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आई साडेदहाला झोपली, ती सकाळी सहालाच उठली.

सकाळी मोकळा वेळ होता. दाजी म्हणाले, “चला, तुम्हाला बाबांची जागा दाखवतो.” आई आणि अक्का खोलीवर थांबल्या, आम्ही तिघं निघालो. क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृहाची इमारत आहे. लोकमान्य मुंबईत आले की तिथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० ला त्यांचं निधन तिथेच झालं. ही मला शाळेपासून माहीत असलेली गोष्ट, पण सरदारगृह हे बाहेरगावच्या माणसांसाठी बांधलेलं राहण्याचं ठिकाण होतं याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. फोनच्या वहीत इतक्या लॉजांची नावं लिहिल्यावर त्या इमारतीसमोर उभं राहताना ते एकदम जाणवलं. पुढे मशीद बंदरच्या गल्ल्यांतून दाजी भराभर चालत होते. धान्याचा घाऊक बाजार केव्हाच वाशीला गेलाय. तरी हातगाड्या आहेत, पाठीवर ओझं घेतलेली माणसं आहेत. एका गोदामाच्या बंद शटरसमोर ते थांबले. “बाबा हितं पोती उतरवायचं. समोरच्या गोदीतनं कापूस, धान्य, सगळं आलंय त्यांच्या पाठीवरनं. गोदीच्या आत बोटीवर पाऊल ठेवायचं कामच पडलं न्हाई कधी.” मिस्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. परत येताना आम्ही तिघंही फारसं बोललो नाही.

दुपारी दोन टॅक्स्यांनी बंदराच्या ग्रीन गेटला पोचलो. एके काळी इथे थेट आगगाडी यायची. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनातून निघत असे. विलायतेच्या बोटीतून उतरलेला माणूस सरळ डब्यात बसायचा, त्याला मुंबईत खोलीच शोधावी लागत नसे. ती सोय साहेबासाठी होती. आता याच परिसरात नवं क्रूझ टर्मिनल झालंय, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे उतरणाऱ्या साध्या माणसासाठी रेल्वेने जवळपास आणखी थोड्या स्वस्त खोल्या बांधल्या, तर आपल्याकडची किती म्हातारी माणसं निर्धास्त येतील.

जहाजाबद्दल इथे लिहीत नाही. आई डेकवर बसून राहिली आणि खूश होती, एवढं पुरे.

गोव्यात मात्र आम्ही मुक्काम केला नाही. जहाज मुरगाव बंदराला लागतं, आणि वास्को स्टेशन तिथून फार लांब नाही. त्याच वास्कोहून दुपारी तीनच्या सुमाराला गोवा एक्स्प्रेस निघते, ती बेळगाव, मिरज, सातारा करत पुण्याकडे जाते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांना दारात सोडणारी गाडी बंदराच्या शेजारून सुटत असताना पणजीत खोली का घ्यायची? सामान क्लोकरूमला टाकलं. तिथे बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच नेलेलं होतं. वास्कोत मासळीचं जेवण झालं, आईसाठी भाजी-भात. घाटात दूधसागर दिसला, जानेवारीतही पाणी होतं. रात्री दहाच्या सुमाराला आम्ही मिरजेत उतरलो. अक्का-दाजी पुढे गेले. साताऱ्याचं स्टेशन शहराबाहेर माहुलीकडे, गाडी मध्यरात्रीनंतर पोचते, म्हणून ओळखीच्या रिक्षावाल्याला त्यांनी निघतानाच सांगून ठेवलं होतं.

आता आईला कोची हवंय. मुंबईहून लक्षद्वीपमार्गे तिकडे जाणाऱ्या सफरी असतात. विट्याकडची आमची लांबची नात्यातली माणसं गलाईच्या धंद्यात केरळात आहेत. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामाने साऱ्या देशभर पसरली, तशीच तीही गेलेली. त्यांनी घरीच उतरायचा आग्रह धरलाय. त्यांचं घर दुकानाच्या वर, जिना लाकडी आणि उभा. त्यांच्याकडे जेवायला नक्की जाऊ, पण झोपायला एर्नाकुलम स्टेशनच्या आसपास खोली पाहा, असं मी त्यांना कळवलंय. लिफ्ट कुठून सुरू होते ते स्वतः जाऊन बघा, हेही सांगितलंय. कालच त्यांचा फोन आला. दोन ठिकाणं पाहिलीत, एकाची लिफ्ट पहिल्या मजल्यापासून आहे, दुसऱ्याची तळापासून. दुसऱ्याचा भाव तीनशेने जास्त. दुसरं घ्या म्हटलं.