तार षड्जापासून सुरुवात कर

पुणे

चि. मुक्ता,


ताईने तुझ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या किटचा फोटो पाठवला. ब्रेडबोर्डवर 555 आयसी, आठ बटणं, छोटा स्पीकर, नऊ व्होल्टची बॅटरी. जोडणी नीटनेटकी आहे. तरीही सरगम बेसूर वाजते म्हणतेस. तुझ्या कानाचं मला फार कौतुक वाटलं, कारण ती खरंच बेसूर आहे.

प्रत्येक रेझिस्टरवर शेवटी सोनेरी पट्टा आहे बघ. छापील किमतीत पाच टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, असा त्याचा अर्थ. हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांतलं अंतरच मुळी सुमारे सहा टक्के! मग सूर कसा लागणार?

आत काय चालतं ते सांगतो. कपॅसिटर रेझिस्टरमधून भरत जातो. बॅटरीच्या दोन तृतीयांश व्होल्टेजला पोचला की आयसी तो रिकामा करू लागते, एक तृतीयांशावर उतरला की पुन्हा भरू देते. सेकंदाला 262 वेळा हे झालं की पांढरी एकचा सा ऐकू येतो. दोन्ही मर्यादा बॅटरीच्या प्रमाणातच ठरत असल्याने ती थोडी उतरली तरी स्वर फारसा ढळत नाही. हान्स कामेनझिंड यांनी 1971 मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेल्या या आयसीची ही करामत मला आजही थक्क करते.

रेझिस्टन्स वाढला की स्वर उतरतो. पंचम षड्जाच्या दीडपट, म्हणून त्याला एकूण रेझिस्टन्स दोन तृतीयांश लागतो. शुद्ध गंधार सव्वापट, त्याला चार पंचमांश. किटमधले आकडे मात्र पियानोसारखे सप्तकाचे बारा समान भाग धरून काढलेले असतात. त्यातला गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागे अशा बांधील सुरांवरचा आक्षेपही होता. हार्मोनियमचे सूर बसल्या जागी बदलता येत नाहीत. तुझ्या वाद्याचे येतात, आणि ही संधी तू सोडू नयेस असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीत प्रिसेट, म्हणजे रेझिस्टन्स कमी-जास्त करता येणारे रेझिस्टर, मिळतील. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचे, पाच किलोओहमचे आठ आण. बटणांमधल्या सात रेझिस्टरांच्या जागी सात लाव. आठवा तार षड्जासाठी, दहा किलोओहमच्या रेझिस्टरला जोडून. कपॅसिटर 0.1 मायक्रोफॅरडचाच, पण पॉलिएस्टरचा घे. चकतीसारखा सिरॅमिक तापला की सूर सरकतो.

आता महत्त्वाचं. हे रेझिस्टर एकामागोमाग साखळीत आहेत. वरच्या स्वराचा प्रिसेट हलला की त्याच्या खालचे सगळे स्वर हलतात. म्हणून गाण्यात करतेस त्याच्या उलट कर: आधी तार सा पक्का लाव, मग नी, ध, प असं एकेक खाली ये. मोबाईलवरचा ट्यूनर वापरू नकोस, तोही बहुधा पियानोचेच सूर दाखवेल. तंबोरा सुरू ठेव आणि ऐकत ऐकत स्क्रू फिरव. गंधाराला घाई करू नकोस.

लागला की रेकॉर्ड करून पाठव. यमनचा आरोह-अवरोह ऐकायचा आहे, तेव्हा मध्यम तीव्र लाव.

तुझा,
मामा