हट्टी बेअरिंग

ही 1999 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा नववीत होतो. बाबांच्या जुन्या येझदीच्या इंजिनातून घर्र घर्र आवाज यायला लागला होता. क्रँकशाफ्टचं बेअरिंग गेलं होतं. बाबांनी इंजिन खोललं आणि "रविवारी मिस्त्रीकाकांकडे नेऊ, तोवर हात लावू नकोस," असं बजावून ते कामावर गेले.

मी हात लावला, हे तुम्ही ओळखलंच असेल!

क्रँककेस म्हणजे इंजिनाची ॲल्युमिनियमची पेटी. तिचे दोन भाग असतात. त्यातल्या एका भागात ते बेअरिंग घट्ट बसलं होतं. मी छिन्नी टेकवली आणि दिला हातोडा. बेअरिंग एका बाजूनं जरासं सरकलं, तिरकं झालं आणि असं रुतलं की पुढे येईना, मागे जाईना. चौथ्या घावाला छिन्नी सटकली. बेअरिंगच्या घरावर चकचकीत ओरखडा उठला. माझ्या पोटात गोळाच आला! येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 सालीच बंद पडला होता. शिवाय पेटीचे दोन्ही भाग जोडीनं घडवतात. एकाला तडा गेला, तर दुसऱ्या गाडीचा भाग आणून नीट जुळत नाही.

पेटी गोणपाटात गुंडाळून सायकलला बांधली नि गॅरेज गाठलं. मिस्त्रीकाका रागावले नाहीत, हसले.

"मारून काय व्हतंय बाळा? गरम कर, आपसूक सोडतंय."

आधी त्यांनी बेअरिंग कडेकडेनं हळूहळू ठोकून सरळ केलं. पेटी तेलाचा थेंब न ठेवता स्वच्छ पुसली, कारण तेल पेटतं. मग स्टोव्हवर लोखंडी जाड पत्रा ठेवून त्यावर पेटी तापत ठेवली. मधूनच ते पाण्याचा थेंब टाकून बघत. थेंब तडतडून क्षणात उडाला, तशी त्यांनी जाड फडक्यानं पेटी उचलली आणि लाकडी फळीवर पालथी आपटली.

टप्! बेअरिंग खाली.

मला वाटत होतं, धातू फुगला की भोक लहान होईल. पण भोकही मोठं होतं! ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. सहा सेंटिमीटरचं भोक 100 अंशांनी तापलं, तर सुमारे 0.14 मिलिमीटरनं वाढतं. बेअरिंग मात्र 0.07 मिलिमीटरनंच. उरलेली केसाएवढी फट पुरते.

नवीन बेअरिंग काकांनी शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. ते थंडगार बेअरिंग तापलेल्या पेटीत हातानंच बसलं. (घरी करून बघायचं असेल, तर मोठं माणूस हवंच.)

रविवारी बाबांना मी सगळं सांगितलं. फक्त ओरखड्याचं सांगितलं नाही. तो आता बेअरिंगखाली झाकला गेला होता.

2011 साली इंजिन पुन्हा उघडलं. बाबा बेअरिंगच्या घरावरून बोट फिरवत होते. बोट एका जागी थांबलं.

"ही छिन्नी कुणाची रे?"

मला तोवर चांगल्या मिशा फुटल्या होत्या, तरी मान खाली गेली.