हनीनने स्वतः ठरवले

आमच्या घरात क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाची चर्चा सहसा होत नाही. त्या दिवशी मगरीबनंतर मुलीने मोबाईल पुढे धरला. लंबगोल चेंडू छातीशी घट्ट धरून एक तरुणी धावत होती आणि मागून दोघी तिला पाडायला येत होत्या. "हिचं नाव हनीन आहे," मुलगी म्हणाली. नाव ऐकून आम्ही चष्मा शोधला.

हनीन झ्रेका ही सिडनीच्या पश्चिम भागातली, लेबनॉनमधून येऊन तिथे स्थायिक झालेल्या कुटुंबातली. ऑस्ट्रेलियात ज्याला 'फुटी' म्हणतात, तो खेळ ती व्यावसायिक संघातून खेळली. हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. मैदान लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू पायाने मारायचा, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने साथीदाराकडे ढकलायचा. फेकला तर चूक. मधल्या दोन खांबांतून पायाने मारला तर 6 गुण, शेजारून गेला तर 1. अंगाला अंग भिडते, पाडापाडी होते. मुलीने दोनदा समजावल्यावर आम्हाला इतकेच कळले.

पुरुषांची ही लीग शंभर वर्षांहून जुनी आहे. महिलांची सुरू झाली ती 2017 मध्ये, आठ संघांची. 3 फेब्रुवारीला मेलबर्नमध्ये पहिला सामना झाला तेव्हा चोवीस हजारांवर माणसे आत आली आणि बाहेर उरलेल्यांना परत पाठवून दरवाजे बंद करावे लागले. गर्दी अशी, पण मानधन बेताचे. त्या हंगामात बहुतेक खेळाडूंना साधारण 8,500 डॉलर मिळाले. तेवढ्यात तिथे वर्ष निघत नाही. म्हणून दिवसा कुणी शाळेत शिकवायची, कुणी नर्सचे काम करायची आणि संध्याकाळी सरावाला यायची. शिक्षकी पेशामुळे आम्हाला ही गोष्ट जरा जवळची वाटली.

हनीनच्या आधी एक पायरी आहे. सिडनीच्या ऑबर्न भागात मुस्लिम वस्ती मोठी, तिथली तुर्की धाटणीची गॅलिपोली मशीद प्रसिद्ध आहे. याच ऑबर्नमध्ये आमना कर्रा-हसन या तरुणीने 2011 मध्ये महिलांचा फुटी संघ उभा केला. त्यात हिजाब घालून खेळणाऱ्या मुली होत्या. आमना स्वतः पोलीस खात्यात नोकरीला. संघ तसा हौशी, मोहल्ल्यातला म्हणावा असा. पण तो होता म्हणून हनीनला शिकायला जागा मिळाली. 2019 मध्ये ती ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सकडून मैदानात उतरली आणि त्या लीगमध्ये खेळणारी पहिली मुस्लिम महिला ठरली.

2022 च्या जानेवारीत तिचे नाव एका वेगळ्याच कारणाने गाजले. समलैंगिकांच्या सन्मानार्थ त्या फेरीत सगळ्या संघांनी खास जर्सी घालायची होती. हनीनने ती घातली नाही आणि तो सामना ती खेळली नाही. आपण सर्व माणसांचा आदर करतो, पण या लीगमधली पहिली मुस्लिम महिला म्हणून आपल्या दीनची आणि समाजाची जबाबदारी आपल्यावर आहे, अशा आशयाचे निवेदन तिने दिले. क्लबने निर्णय मान्य केला. तिच्यावर टीका झाली, कौतुकही झाले. पुढे ती पुन्हा संघाबरोबर खेळली.

मुलीने ही बातमी आमच्या खानदानाच्या ग्रुपवर टाकली. माशाअल्लाहचा पाऊस पडला. मुलीने वैतागून विचारले, "ती खेळली नाही तो एक सामना सगळ्यांना आवडला. खेळली ते सामने कुणाला आवडले का?" ग्रुपवर कुणी उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर आमच्याकडेही नव्हते. न खेळण्याचा निर्णय घ्यायला आधी संघात जागा लागते, आणि ती जागा हनीनने वर्षानुवर्षे चिखलात पडून-उठून मिळवली होती. जर्सीबद्दल कुणाचे मत काही असो, निर्णय तिचा होता. तो तिच्या वतीने कुणी घेतला नव्हता.

हे आम्हाला टोचले, त्याला कारण आहे. नऊएक वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी खो-खोत अशी पळायची की खांबाला वळसा घालताना नुसता दुपट्टा दिसे. जिल्ह्याला निवड झाली. तिचे अब्बू शाळेत आले, अदबीने बसले आणि म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं करतो." त्या माणसाचा नकार नव्हता. तो खरोखर विचारायला आला होता. बाहेरगावी मुक्काम, सोबतीला कोण, उद्या कुणी काही बोलले तर... आम्ही आमचीच कटकट वाचवली. "आता मोठी झाली, राहू द्या," म्हणालो. ते शुक्रिया म्हणून उठले. मुलगी दाराबाहेरच उभी होती. तिला आम्ही विचारले नाही, त्यांनीही नाही. दुसऱ्या दिवसापासून खेळाच्या तासाला ती झाडाखाली वही घेऊन बसू लागली. आम्ही ते पाहत होतो, आणि अभ्यास सुधारला म्हणून वर्गात तिची तारीफही केली.

यंदाचे तालुका स्पर्धेचे अर्ज आले आहेत. सातवीतल्या एका मुलीने स्वतःहून नाव दिले आहे. तिचे अब्बू गुरुवारी भेटायला येणार आहेत. त्या वेळी तिलाही आत बोलवा, असे आम्ही शिपायाला आजच सांगून ठेवले आहे.